चीनच्या भिंतीची खडी धार : सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी वाटाड्या

हरिहरच्या पायऱ्या चढून आलेल्या माणसाला चीनची भिंत म्हणजे फरसबंदीवरची संध्याकाळची फेरी वाटते. मलाही तसंच वाटलं होतं. भिंतीच्या मुतियान्यू या बीजिंगजवळच्या भागात विसाव्या बुरुजाखाली पोटऱ्या थरथरायला लागल्या तेव्हा तो समज उतरला. हरिहरचा कातळातला जिना खडा आहे, पण तो लवकर संपतो आणि हाताला खोबण्या मिळतात. इथे पायऱ्या शेकड्यांनी येतात. एक वीतभर उंच, पुढची गुडघ्याएवढी, तिसरी झिजून नाहीशी झालेली. शिवाय जितकं चढाल तितकंच उतरायचं असतं, आणि गुडघ्यांचा खरा हिशेब उतरतानाच होतो.

आपल्याकडचे बरेच जण बीजिंगला जातात, सहलीच्या बसमधून बादालिंगला उतरतात, गर्दीत फोटो काढतात आणि परततात. घरात आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील तर तेच बरोबर आहे. बादालिंगला रेल्वेही जाते आणि तिथलं स्थानक जमिनीखाली शंभर मीटरवर आहे. पण ज्यांना तटावरून, फांजीवरून (तटाच्या माथ्यावरच्या चालवाटेवरून), धारेचा माग धरत चालायचंय, त्यांच्यासाठी पुढचं लिहितोय.

आधी भाग निवडा

'चीनची भिंत' ही एकसलग भिंत नाही. वेगवेगळ्या राजवटींनी वेगवेगळ्या काळात बांधलेले तट, खंदक आणि बुरूज मिळून २०१२ मध्ये जाहीर झालेल्या मोजणीनुसार २१,१९६ किलोमीटर भरतात. त्यातला मिंग राजवटीचा (१३६८ ते १६४४) वाटा सुमारे ८,८५० किलोमीटरचा. बीजिंगच्या उत्तरेच्या डोंगरांवर विटांचा जो तट फोटोंत दिसतो तो मिंगांचा, आणि त्यातलाही बराचसा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

त्याला कारण झालं. १५५० मध्ये मंगोल सरदार अल्तान खान गुबेइकोऊच्या खिंडीतून आत घुसला आणि थेट राजधानीच्या वेशीपर्यंत लुटालूट करून गेला. मिंग दरबाराची पुरती नाचक्की झाली. पुढे १५६८ मध्ये ची जिग्वांग या सेनापतीला उत्तर सरहद्दीवर आणलं. दक्षिणेच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांशी लढून नाव कमावलेला हा माणूस. जुना तट त्याने उंच आणि जाड केलाच, पण त्याचं खरं काम म्हणजे पोकळ बुरूज. त्याआधीचे बुरूज भरीव होते. शिपाई वर उघड्यावर, उन्हात आणि हिमात उभा. ची जिग्वांगने बुरुजाच्या पोटात कमानींच्या खोल्या काढल्या. त्यांत माणसं राहत, दारूगोळा आणि धान्य ठेवता येई. तुम्ही जे एकामागून एक बुरूज चढणार आहात, ते त्याच्या योजनेतले.

तट एवढा खडा का, याचं उत्तर आपल्या गडांवरून सहज कळतं. बांधणाऱ्यांनी सोपी वाट शोधलीच नाही, डोंगराची धार धरली. धारेवर तट घातला की बाहेरच्या अंगाचा कडा फुकटात मिळतो. राजगडाच्या संजीवनी माचीवर जो विचार दिसतो तोच इथे आहे, फक्त तो शेकडो किलोमीटर चालत राहतो.

माझी निवड साधी आहे. दोन दिवस हातात असतील तर पहिला दिवस मुतियान्यू, दुसरा जिनशानलिंग. एकच दिवस असेल आणि पाय धड असतील तर सरळ जिनशानलिंग. सिमाताई हा तिसरा पर्याय. त्याच्या पूर्वेच्या टोकाला 'स्वर्गाची शिडी' आणि 'आकाशपूल' अशी नावं असलेला सुरीच्या पात्यासारखा तट आहे. तो पर्यटकांसाठी बंद आहे आणि बंदच असावा. २०१४ पासून पायथ्याशी नवं 'जुनं गाव' वसवलंय आणि रात्री दिव्यांच्या उजेडात तटावर नेतात. गंमत म्हणून ठीक, चालणं म्हणून तोकडं.

ज्यानकोऊबद्दल स्पष्ट बोलतो

इंटरनेटवर सगळ्यात थरारक फोटो ज्यानकोऊचे असतात. पांढुरक्या कड्यांवरून कोसळणारा आणि पुन्हा उसळणारा मोडका तट, बुरुजांवर उगवलेली झाडं. नावाचा अर्थ बाणाची खाच. धारेचा आकारच तसा आहे. तिथल्या एका जागेला 'गरुडही उताणा उडतो' अशा अर्थाचं नाव आहे, यावरून चढणीची कल्पना यावी.

तिथे जाऊ नका. हा भाग अधिकृतपणे खुला नाही. चीनमध्ये भिंतीच्या रक्षणासाठीचा खास नियम १ डिसेंबर २००६ पासून लागू आहे. न उघडलेल्या भागावर सहली नेणं, विटा काढणं, कोरणं या सगळ्याला त्यात मनाई आणि दंड आहे. गावातला कुणी 'मी नेतो, काही होत नाही' म्हणेल. त्याच्या जिवावर जाऊ नका. परदेशात, व्हिसावर असताना, पाय मोडून सुटकेसाठी माणसं बोलवायची वेळ आली तर काय काय निस्तरावं लागेल याचा विचार करा. दुसरं कारण मला जास्त पटतं. सुट्या विटांवर पडणारं प्रत्येक पाऊल ती वीट आणखी सैल करतं. २०२३ मध्ये शान्शी प्रांतात दोघांनी जवळची वाट करण्यासाठी तट यंत्राने खोदून खिंडार पाडलं आणि जगभर बातमी झाली. बुटांनी होणारी झीज मात्र बातमीत येत नाही.

ज्यानकोऊ बघायचंच असेल तर मुतियान्यूच्या पश्चिम टोकाच्या बुरुजांवरून बघा. लांबच्या धारेवर ती सगळी मोडकी रेघ दिसते. सोबत दुर्बीण हवी.

निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. काही वर्षांच्या खंडानंतर पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागला आणि मुंबईत अर्ज करता येतो. इतर देशांच्या नागरिकांना मिळणाऱ्या २४० तासांच्या बिनव्हिसा थांब्याच्या यादीत भारत नाही. अमेरिकन पासपोर्ट असलेल्या आपल्या मंडळींना ती सोय आहे, पण पुढचं तिकीट तिसऱ्या देशाचं असावं लागतं. नियम बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या वेळी पुन्हा बघा.

मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. तिकिटं पासपोर्टच्या नंबरावर आगाऊ काढायची असतात आणि दारावर तोच दाखवायचा असतो.

पैशांचं काम फोनवर होतं. अलीपे किंवा वीचॅट घरीच उतरवून घ्या, आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा आणि ते चालतंय ना बघा. थोडे सुटे युआनही ठेवा. गूगल तिथे चालत नाही. त्याचे नकाशे उघडले तरी जागा सरकलेल्या दिसतात, कारण चीनमध्ये नकाशांसाठी वेगळी निर्देशांक पद्धत सक्तीची आहे. गावडे नावाचं तिथलं ॲप घ्या (आडनाव नव्हे, त्या ॲपचं नावच तसं आहे) आणि जायच्या जागांची नावं चिनी लिपीत फोनमध्ये साठवा. टॅक्सीवाल्याला उच्चार करून सांगण्यापेक्षा अक्षरं दाखवणं केव्हाही बरं. आपण 'जिनशानलिंग' म्हणतो ते त्याला कळेलच याची खात्री नाही.

शाकाहारी लोकांनी एक वाक्य पाठ करावं: 'वो छ्र सू', मी शाकाहारी आहे. तरीही भाजीत मांसाचा खिमा किंवा डुकराची चरबी येऊ शकते, म्हणून 'बू याओ रौ', मांस नको, हेही जोडा. भिंतीवरच्या दिवसासाठी मी घरून नेलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की यांवरच भागवलं. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ विमानतळावर अडवले जातात, कोरडा बंद खाऊ न्या.

कधी जावं

एप्रिलचा उत्तरार्ध ते मेची सुरुवात आणि ऑक्टोबरचा मधला पंधरवडा. वसंतात जिनशानलिंगच्या उतारांवर जर्दाळूची फुलं असतात, ऑक्टोबरात पानं लाल-पिवळी होतात आणि हवा स्वच्छ असते. १ ते ७ ऑक्टोबर मात्र राष्ट्रीय सुट्टी. त्या दिवसांत भिंतीवर माणसांचीच भिंत होते. १ मेच्या आसपासही तेच. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस, उकाडा आणि विजा. उघड्या धारेवर, लोखंडी कठड्याजवळ विजेच्या कडकडाटात उभं राहण्याचा मोह टाळा. ढग दाटले की बुरुजात थांबत न बसता खाली उतरा. हिवाळ्यात पारा शून्याखाली दहापर्यंत सहज जातो. दृश्य अप्रतिम, पण सावलीतल्या पायऱ्यांवर बर्फ घट्ट बसतो. पहिल्या खेपेला हिवाळा नको.

पहिला दिवस : मुतियान्यू

बीजिंगपासून सत्तरेक किलोमीटर. दोंगझिमेनच्या स्थानकावरून ९१६ नंबरची जलद बस ह्वाइरौला जाते, तिथून पुढे गावची बस किंवा टॅक्सी. या वाटेवर एक जुना खेळ चालतो. आमच्या बसमध्ये मधल्याच थांब्यावर एक गृहस्थ चढले आणि परदेशी चेहऱ्यांकडे बघून अत्यंत कळकळीने 'मुतियान्यू, मुतियान्यू, इथेच उतरा' म्हणू लागले. दोघे उतरलेही. पुढे त्यांना टॅक्सीचे काय दर सांगितले असतील ते आपल्या कुठल्याही एस.टी. स्टँडबाहेर उभं राहिलेल्याला सांगायला नको. फोनवर नकाशा उघडा ठेवा आणि आपल्या थांब्यालाच उतरा. चौघे असाल तर दिवसभराची गाडी ठरवणं परवडतं.

खुल्या भागाची लांबी ५,४०० मीटर आणि बुरूज २३. पूर्वेकडून पश्चिमेकडे आकडे चढत जातात. पाळणा (केबल कार) चौदाव्या बुरुजाजवळ सोडतो, उघड्या खुर्च्यांचा पाळणा सहाव्याजवळ. सकाळी पहिल्या फेरीत चौदाव्यापर्यंत पाळण्याने जा आणि लगेच पश्चिमेला, विसाव्याकडे चाला. 'पाळण्याने कशाला, चढून जाऊ' असं ट्रेकरच्या तोंडी येतंच. पण पायथ्यापासूनची वाट रानातल्या पायऱ्यांची आहे, तिथे तट नाही. दम वर तटासाठी राखून ठेवा.

एकोणिसावा बुरूज ओलांडला की विसाव्याकडे चारशेच्या वर पायऱ्यांचा सरळ उभा जिना समोर येतो. 'वीरांची चढण' म्हणतात. इथेच बहुतेक पर्यटक मागे फिरतात आणि इथूनच भिंत शांत होते. वर पोचल्यावर आलात त्या दिशेला वळून बघा. धारेवरून लाटांसारखा गेलेला तट पूर्ण दिसतो.

मुतियान्यूची एक खासियत बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इथे तटाच्या दोन्ही बाजूंना चर्या, म्हणजे लढताना आडोसा देणारे कंगोरे, आहेत. इतरत्र सहसा बाहेरच्याच अंगाला चर्या असतात आणि आतल्या अंगाला साधा कठडा. मग वैरी दोन्हीकडून येईल असं गृहीत धरलं होतं का, असा प्रश्न पडतो. परत पूर्वेला सहाव्यापर्यंत आलात की खाली जायला धातूच्या नळीतून घसरगुंडी आहे. लहान मुलांसाठी असेल असं समजून मी बसलो आणि दोनदा मागच्या बाईंची क्षमा मागावी लागली. ब्रेक फार दाबत होतो.

दुसरा दिवस : जिनशानलिंग

हा खरा दिवस. बीजिंगपासून दोन-अडीच तास, हेबेइ प्रांताच्या हद्दीत. हंगामात वांगजिंग शी या मेट्रो स्थानकाजवळून पर्यटक बस सुटते. ती चुकली तर गाडी करण्यावाचून इलाज नाही, त्यामुळे परतीची वेळ सकाळीच पक्की करा. अंतर १०.५ किलोमीटर, बुरूज ६७. सगळे चालायचे नसतात. चांगली वाट म्हणजे मधल्या मुख्य दारातून झ्वानद्वोकोऊच्या खिंडीत चढायचं आणि पूर्वेला धार धरून 'पूर्वेचा पाचडोळी बुरूज' गाठायचा, तिथून पूर्व दाराला उतरायचं. थांबत, बघत तीन ते चार तास. गाडी पूर्व दाराशी बोलवून ठेवा, नाहीतर डांबरी रस्त्याने परत तंगडतोड.

बुरुजांची नावं अशी डोळ्यांवर का, हे पहिल्या बुरुजात शिरलात की कळेल. खिडक्यांना डोळे म्हणतात. एका बाजूला तीन कमानी म्हणजे तीनडोळी, पाच म्हणजे पाचडोळी. आपण नाही का कमानी मोजून पूल सांगत.

सुरुवातीचा टप्पा डागडुजी केलेला, गुळगुळीत. पूर्वेला जसजसे जाल तसतशा चर्या ढासळलेल्या, फांजीवरच्या विटा उखडलेल्या, मधे मातीचा घसारा. डागडुजी केलेल्या आणि न केलेल्या तटाचा सांधा नजरेने ओळखता येतो. तिथे जरा थांबा. जुन्या सांध्यांतला चुना बघा. मिंगकालीन चुन्यात चिकट तांदळाची पेज घालत, आणि त्यामुळे तो इतका घट्ट धरतो हे प्रयोगशाळेतही तपासलं गेलंय. आपल्या गडांवर चुन्याच्या घाण्या आहेत, चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत असं सांगतात. त्यांनी भात घातला. ज्याच्या घरात जे.

विटांकडेही बघा. काही विटांवर अक्षरांचे ठसे आहेत. कुठल्या वर्षी, कुठल्या तुकडीने भाजली ते त्यात असतं. वानली बादशहाच्या पाचव्या आणि सहाव्या वर्षांचे, म्हणजे १५७७ आणि १५७८ चे ठसे इथे सापडतात. वीट फुटली तर कुणाला धरायचं, हे विटेवरच लिहिलेलं. आपल्या रस्त्यांच्या कंत्राटात ही कल्पना घेण्यासारखी आहे. या विटांना हात लावू नका, कुणी विकायला आणली तर चुकूनही घेऊ नका.

बुरुजाखालच्या खड्या चढणीवर फांजीच्या अर्ध्या रुंदीला आडव्या, डोक्याएवढ्या उंच भिंती दिसतील, एकामागे एक. पहिल्यांदा बघताना त्या वाटेत कशाला आल्या कळत नाही. वैरी तटावर चढलाच, तर शिपाई बुरुजाकडे सरकत एकेका आडव्या भिंतीमागून लढत राहणार. प्रत्येकीत जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, आहेत. तुम्ही धापा टाकत त्यांच्यामधून वळसे घेत चढता, तेव्हा खालून येणाऱ्याचं काय होत असेल ते तुमच्या छातीलाच कळतं. आपल्या गडांवरची गोमुखी दारं जे काम वळणाने करतात, ते इथे चढणीने केलंय.

एका बुरुजात विटांवर कोरलेला चिलिन आहे, त्यांच्या पुराणातला खवल्यांचा शुभप्राणी. आपल्या गडांच्या दारांवर शरभ असतो, त्याचा लांबचा भाऊ समजा.

वर बसून दशमी खाताना उत्तरेकडे बघा आणि १४६६ चा हुकूम आठवा. शंभरापर्यंत शत्रू दिसला तर एक धूर आणि एक तोफेचा बार, पाचशे असतील तर दोन, हजारावर तीन, पाच हजारांवर चार, दहा हजारांवर पाच. दिवसा धूर, रात्री जाळ. एका बुरुजावरून पुढचा नेहमी दिसतो, तो एवढ्यासाठी. पश्चिमेला खाली गुबेइकोऊची खिंड, जिथून अल्तान खान आला होता. १९३३ च्या मार्चमध्ये जपानी सैन्याशी तिथेच लढाई झाली. चारशे वर्षांनीही खिंड तीच.

पूर्वेच्या टोकाला वाट बंद असल्याचे फलक येतात. पूर्वी इथून सरळ सिमाताईला चालत जात, जुन्या ब्लॉगांत ती वाट भरभरून वर्णन केलेली सापडते. आता ती मिळत नाही.

पाय कसा टाकावा

चढताना पाऊल पूर्ण टेकवा, टाचेसकट. टाच अधांतरी ठेवून चढलात की पोटऱ्या पहिल्या तासात जातात. उंच पायरीला एकच पाय सतत पुढे घालू नका, आलटून पालटून घाला. फार खड्या जागी लाज न बाळगता हात टेका, वरच्या पायऱ्यांनाच धरा. कठड्याच्या सुट्या विटेला धरू नका.

उतरताना आडवे व्हा. तटाला समांतर उभं राहून खालचं पाऊल आधी, मग वरचं. तरीही खडं वाटलं तर तोंड पायऱ्यांकडे करून शिडीसारखे उतरा. माचीवरून उतरताना आपण हेच करतो, पण इथे 'पायऱ्या आहेत' म्हणून माणूस सरळ चालत सुटतो आणि तिथेच पाय मुरगळतो. झिजलेल्या विटांवर बारीक धूळ असते, त्यामुळे गुळगुळीत तळाचे बूट नकोत. काठी असेल तर टोकाला रबर हवंच. लोखंडी टोक विटांना टवके पाडतं. फोटो काढायचा तर उभे राहा. चालता चालता फोनमध्ये बघणं हे इथल्या पडझडीचं सगळ्यात मोठं कारण असावं, असं माझं दोन दिवसांचं निरीक्षण.

पाणी माणशी दोन लिटर. तटावर झाडाची सावली नाही आणि शौचालयं फक्त खाली. वर बुरुजांत कधी गावातल्या बायका पाणी आणि बिस्किटं विकायला बसलेल्या असतात. भाव जास्त असतो, पण त्यांनी ते पाठीवर वाहून आणलेलं असतं, घासाघीस करू नये. पाऊस नुकताच थांबला असेल तर तासभर जाऊ द्या. फांजीवरचं पाणी काढायला दगडी पन्हळी आहेत, बहुतेक ठिकाणी त्या आतल्या अंगाला काढल्यात. तरी पायऱ्यांवर ओल राहते.

जिनशानलिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलचा जिना कठडा धरून उलटा उतरलो. त्यामुळे त्या दिवशी निषिद्ध नगरीचं, म्हणजे बीजिंगमधल्या बादशहांच्या जुन्या राजवाड्याचं, तिकीट काढू नका. सपाट असली तरी तिथे काही किलोमीटर सहज चालणं होतं. ती सोमवारी बंद असते, तेव्हा सोमवार जिनशानलिंगला द्या, मंगळवारी तंगड्या वर करून पडा आणि नगरीचं तिकीट बुधवारचं काढा.